हजारामागे एक आकृती : बिदर-कलबुर्गीतील १९४८च्या मृतांची मोजदाद

दुसऱ्या महायुद्धात किती माणसे मेली, हे डोळ्यांना कसे दाखवायचे या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत जगात पुष्कळ काम झाले. नील हॅलोरन यांचा २०१५ मधला ‘द फॉलन ऑफ वर्ल्ड वॉर टू’ हा लघुपट त्यातला फार गाजलेला. त्यात एक मानवाकृती म्हणजे एक हजार मृत. देशोदेशीच्या आकृत्या एकावर एक रचल्या जातात आणि सोव्हिएत सैनिकांचा स्तंभ वर वर चढतच राहतो. कागदावर वाचलेले ‘लाख’ आणि ‘कोटी’ तिथे पहिल्यांदा वेगवेगळे दिसतात.

हेच माप आपल्या सीमाभागाला लावून पाहावे. मे १९४८ मध्ये निजामाच्या हैदराबाद राज्यातल्या, बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी दोनशेहून अधिक माणसे मारली. हजारामागे एक आकृती धरली तर गोरट्याच्या वाट्याला जेमतेम एक पंचमांश आकृती येते. त्याच वर्षी सप्टेंबरात, भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरले तेव्हा आणि त्यानंतर, उस्मानाबाद, गुलबर्गा (आजचा कलबुर्गी), बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत मिळून किमान अठरा हजार माणसे मारली गेली, असा १९४८ मध्येच राज्यात फिरलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज आहे. त्यांच्या अठरा आकृत्या होतात. महायुद्धाच्या सुमारे सात कोटी मृतांच्या, म्हणजे सत्तर हजार आकृत्यांच्या शेजारी त्या अठरा कुणाच्या नजरेला पडणार नाहीत. पण ज्या गावची माणसे गेली त्या गावासाठी तेच महायुद्ध होते.

१९४८च्या मृतांची मोजदाद कुठवर आली आहे, ती कुणी कशी केली, वाद कशावर आहे आणि हे सारे एका चित्रात मांडायचे झाले तर कोणत्या अडचणी येतात, याचा हा आढावा. मे आणि सप्टेंबर हे दोन्ही महिने एकाच कागदावर असले पाहिजेत, हे माझे मत आहे आणि ते सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. पुढची मांडणी मात्र शक्य तेवढी ज्याची त्याची बाजू त्याच्या शब्दाला धरून केली आहे.

जगात रूढ झालेल्या रीती

युद्धातले मरण चित्रात मांडण्याचा सर्वांत प्रसिद्ध जुना नमुना फ्रेंच अभियंता शार्ल मिनार याचा, १८६९ सालचा. नेपोलियनची रशियावरची स्वारी त्याने एका पट्ट्याने दाखवली. जाताना पट्टा रुंद असतो आणि वाटेत माणसे गळत जातात तसा तो अरुंद होत जातो. चार लाख बावीस हजारांनी निघालेली फौज परतताना दहा हजारांवर येते. या नकाशात सैन्य दिसते. एकटा माणूस कुठे नाही. पुढे १९२०च्या दशकात व्हिएन्नात ऑटो नॉयराथ यांनी नियम घालून दिला, की मोठी संख्या दाखवताना चिन्ह मोठे करू नये, त्याच मापाची चिन्हे वाढवावीत. हॅलोरन यांच्या आकृत्या याच घराण्यातल्या.

दुसरी रीत नावांची. वॉशिंग्टनमध्ये १९८२ साली माया लिन यांच्या आराखड्याप्रमाणे उभारलेल्या भिंतीवर व्हिएतनाम युद्धातील अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकी मृतांची नावे मृत्यूच्या क्रमाने कोरलेली आहेत. वस्तूंचीही एक रीत आहे. २०१४ मध्ये लंडनच्या टॉवरच्या खंदकात चिनी मातीची ८,८८,२४६ लाल फुले रोवली गेली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश आणि वसाहतींतल्या सैनिकांपैकी प्रत्येकामागे एक. जर्मनीत गुंटर डेम्निग यांनी नाझींच्या बळींच्या शेवटच्या राहत्या घरापुढे, रस्त्यातच, नावाचे छोटे पितळी चौकोन बसवायला सुरुवात केली. त्यांची संख्या आता एक लाखावर गेली आहे.

या प्रत्येक रीतीत आधी एकक ठरले, चित्र नंतर आले. कुठे फौजेचा पट्टा, कुठे हजार माणसे, कुठे एक नाव, कुठे एक घर. एकक बदलले की दिसणारी माणसे बदलतात.

आकडाही एका जागी स्थिर राहत नाही. सोव्हिएत संघाच्या युद्धमृतांचा १९४६ मधला जाहीर आकडा सत्तर लाख होता, ख्रुश्चॉव्हच्या काळात तो दोन कोटी झाला आणि १९९० पर्यंत सुमारे दोन कोटी सत्तर लाखांवर गेला. मेलेली माणसे तेवढीच होती. कबूल करण्याची तयारी आणि दप्तर उघडण्याची मुभा या दोन गोष्टी बदलल्या. १९४८च्या आकड्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

महायुद्धे आणि निजामाचे राज्य

महायुद्धांची झळ या भागाला लागली, पण तिचे हिशेब फार विचित्र रीतीने ठेवले गेले. पहिल्या महायुद्धात हैदराबाद लान्सर्स हे निजामाचे घोडदळ जोधपूर आणि म्हैसूरच्या पथकांबरोबर पॅलेस्टाइनच्या मोहिमेत होते. दिल्लीच्या ‘तीन मूर्ती’ स्मारकातली एक मूर्ती हैदराबादची आहे. मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी इराकमध्ये बसऱ्याचे स्मारक उभे राहिले तेव्हा ब्रिटिशांची नावे सर्व हुद्द्यांसह कोरली गेली. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांनाही नावे मिळाली, साध्या शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी लिहिली गेली. त्या मोहिमेत मराठा पलटणी मोठ्या संख्येने होत्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये आपल्याच कारभाराचा अहवाल काढून मान्य केले, की पहिल्या महायुद्धातील किमान एक लाख सोळा हजार मृतांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतच्या मृतांची, नावाने किंवा अजिबातच नोंद राहिली नाही. त्यांतले बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले होते.

युद्धाच्या शेवटी आलेल्या १९१८च्या इन्फ्लुएन्झाचा हिशेब याहून मोठा आहे. जहाजांनी मुंबईत उतरलेली साथ रेल्वेने दख्खनभर पसरली आणि त्याच साली पाऊसही दगावला होता. हैदराबाद राज्याची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे एक कोटी चौतीस लाख होती, ती १९२१ मध्ये एक कोटी पंचवीस लाखांवर आली. पहिल्या महायुद्धात मेलेले हिंदी सैनिक सुमारे चौऱ्याहत्तर हजार. हिंदुस्थानात इन्फ्लुएन्झाने मेलेले एक कोटी वीस लाख ते दोन कोटी, असे वेगवेगळे अंदाज आहेत. या मृतांना युद्धाचे मृत म्हणायचे की नाही, याचा निकाल अभ्यासकांमध्ये आजही लागलेला नाही. बंदुकीने मेला तो युद्धात मेला आणि युद्धाने आणलेल्या तापाने मेला तो नुसता मेला, असा सरळ हिशेब कुणी धरू शकेल. पण १९४८कडे वळलो की हाच प्रश्न पुन्हा समोर येतो.

मे आणि सप्टेंबर

१९४८च्या घटनांचे दोन भाग पडतात. पहिला भाग १३ सप्टेंबरपूर्वीचा. कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या नेतृत्वाखाली रझाकारांनी गावोगाव खंडण्या वसूल केल्या. ज्यांनी दिल्या नाहीत त्यांची गावे लुटली, जाळली, माणसे मारली. गोरटा हे त्यातले सर्वांत ठळक नाव. सीमेपलीकडे सोलापूर-बार्शीच्या बाजूला निर्वासितांचे लोंढे गेले आणि त्याच सरहद्दीवर हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कँप उभे राहिले. तिथून करोडगिरीचे (जकातीचे) नाके जाळणे, ठाण्यांवर हल्ले, गावांचे संरक्षण अशा कारवाया चालत. भारत सरकारने त्या उन्हाळ्यानंतर हैदराबादविषयी श्वेतपत्रिका काढली. रझाकारांच्या अत्याचारांची नोंद हा तिचा मोठा भाग होता.

दुसरा भाग १३ सप्टेंबरपासूनचा. ‘पोलीस ॲक्शन’ म्हणून सोलापूरकडून निघालेली भारतीय सैन्याची मुख्य फौज नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहिराबाद या वाटेने हैदराबादकडे गेली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. लढाई अवघ्या पाच दिवसांत आटोपली. लढाईत कामी आलेल्यांची मोजदाद पलटणवार झाली आणि एस. एन. प्रसाद यांनी संरक्षण मंत्रालयासाठी लिहिलेल्या ‘ऑपरेशन पोलो’ या १९७२च्या इतिहासात लष्करी बाजू तपशिलाने आली. त्यानंतरच्या दिवसांत आणि आठवड्यांत गावांत आणि कसब्यांत जे मुसलमान मारले गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांचा त्या लढाईशी संबंध नव्हता. आजच्या वादाचा मुख्य विषय हे मृत आहेत. घरोघरच्या बोलण्यात पहिल्या भागाला ‘रझाकारी’ आणि दुसऱ्याला ‘ॲक्शन’ म्हणतात. कुणाच्या घरात कोणती गोष्ट सांगितली जाते, हे बहुतेक वेळा त्या घरातले कोण मेले यावर ठरते.

सुंदरलाल समितीने काय मोजले

नेहरूंच्या पुढाकाराने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी असे तिघे २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात हैदराबाद राज्यात फिरले. सोळापैकी नऊ जिल्हे, सात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे, एकवीस कसबे-शहरे आणि तेवीस महत्त्वाची खेडी त्यांनी पाहिली. शिवाय जिथे जाता आले नाही अशा एकशे नऊ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की अगदी सावधपणे धरले तरी पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर राज्यभर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणाला मुकली. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत, म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड येथे, हा आकडा अठरा हजारांहून कमी नाही. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक या पुढच्या चार जिल्ह्यांत किमान पाच हजार.

बेरीज केली तर या आठ जिल्ह्यांचे तेवीस हजार होतात. सत्तावीस हजारांच्या खालच्या मर्यादेशी हिशेब जुळवायचा तर उरलेल्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला चार हजार येतात. चाळीस हजारांची वरची मर्यादा मात्र जिल्हावार फोडलेली नाही. म्हणजे नकाशा काढायचा झाला तर खालची मर्यादा ढोबळपणे रंगवता येते आणि वरची कुठे ठेवायची ते कळत नाही. बिदर एकट्याचा किती, गुलबर्गा एकट्याचा किती, हेही निष्कर्षाच्या त्या ओळीतून निघत नाही. दोन जिल्ह्यांसाठी वेगवेगळे आकडे कुठे छापलेले दिसले, तर ते कुठून आले हे विचारावे.

अहवालात फक्त संहार नाही. रझाकारांनी आधी काय केले होते आणि त्यातून सुडाची भावना कशी पेटली, याची दखल त्यात आहे. सैन्याच्या शिस्तीबद्दल सर्वसाधारणपणे चांगले मत आहे आणि काही ठिकाणी सैनिक व पोलीस लुटीत आणि हत्यांत सामील झाल्याचे आरोपही आहेत. हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवल्याची उदाहरणे आहेत. त्यांतही विशेष नोंद अशी, की एकाच व्यवसायातल्या लोकांत ही आपुलकी जास्त दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले आणि त्यापायी स्वतःचे जीव गमावले. मृतांच्या कोणत्याही नकाशात ही माणसे कुठे बसवायची? धर्मवार दोन रंग वापरले की हे विणकर चुकीच्या रंगात जातात. माझ्या मते एवढ्या एका नोंदीवरून दोन रंगांचा नकाशा बाद ठरतो.

आक्षेप आणि इतर अंदाज

सरकारने हा अहवाल स्वीकारला नाही आणि प्रसिद्धही केला नाही. असे कोणते अधिकृत शिष्टमंडळ भारत सरकारने पाठवलेच नव्हते, अशी सरदार पटेलांची भूमिका होती. अहवाल एकांगी आहे, रझाकारांच्या काळातील अत्याचारांना त्यात पुरेसे वजन नाही, हा आक्षेप तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. पद्धतीच्या अंगानेही काही म्हणता येते. राज्यात वीस हजारांहून अधिक गावे होती आणि समितीची माहिती पाहिलेली व ऐकलेली मिळून दीडशेच्या आसपास ठिकाणांची. जिथे जास्त घडले तिथेच समिती गेली असेल तर त्यावरून काढलेला राज्याचा आकडा फुगतो. उलट, जिथे सांगायलाच कुणी उरले नव्हते ती गावे मुलाखतींत आलीच नसतील, तर आकडा खाली येतो. दोन्ही चुका एकाच वेळी असू शकतात, आणि त्या एकमेकींना किती कापतात हे आज सांगता येत नाही.

कॅनडाचे धर्म-अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५० मध्ये ‘मिडल ईस्ट जर्नल’मध्ये लिहिलेल्या लेखात दोन लाखांपर्यंतच्या अंदाजांचा उल्लेख केला. लष्करी प्रशासनाची बाजू घेणारे लोक खासगीत सांगत तो सर्वांत कमी आकडासुद्धा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, रझाकारांवर अधिकृतपणे ठेवलेल्या हत्यांच्या आरोपांच्या दसपट भरत होता. हे निरीक्षण वारंवार उद्धृत होते. मात्र त्यांच्या लेखातल्या मोठ्या आकड्यांमागे गाववार आधार नाही, आणि ते त्यांनी तोलून-मापूनच मांडले आहेत.

दुसऱ्या बाजूला कन्हैयालाल मुन्शी यांचे ‘दि एंड ऑफ ॲन इरा’ हे १९५७चे पुस्तक आहे. मुन्शी १९४८ मध्ये हैदराबादेत भारत सरकारचे प्रतिनिधी होते. सप्टेंबरपूर्वीच्या महिन्यांचे त्यांचे चित्र तपशिलाचे आहे. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांच्या आठवणी आणि अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ यांनी मराठी वाचकाच्या मनात तो काळ घडवला. जबाबदार राज्यपद्धती आणि भारतात विलीनीकरण यांसाठी झालेला लढा हा या लेखनाचा कणा आहे. त्या लढ्यातले हुतात्मे त्यात नावागावासह येतात. मराठीत या विषयाची नावांची सर्वांत समृद्ध नोंद याच परंपरेने ठेवली, हे मान्य करायलाच हवे.

उस्मानाबादचे त्या वेळचे कलेक्टर मोहम्मद हैदर यांच्या ‘ऑक्टोबर कू’ या आठवणी २०१२ मध्ये इंग्रजीत छापून आल्या. शेजारच्या जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याने दोन्ही बाजूंच्या हिंसेच्या मध्यात उभे राहून लिहिलेला हा मजकूर सीमाभागाच्या अभ्यासकाला फार उपयोगी आहे. ओमर खालिदी यांनी १९८८ मध्ये सुंदरलाल अहवालाचे उतारे छापले होते. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या ‘द डिस्ट्रक्शन ऑफ हैदराबाद’ या पुस्तकातून तो सविस्तर लोकांसमोर आला आणि चर्चेला नवी धार आली. त्यानंतर टेलर शर्मन, सुनील पुरुषोत्तम आणि अफसर मोहम्मद यांचे काम झाले. शर्मन यांनी ॲक्शननंतरच्या हैदराबादेत मुसलमानांनी नागरिक म्हणून जागा कशी मिळवली ते पाहिले. पुरुषोत्तम यांनी ही हिंसा नव्या राज्यसत्तेच्या घडणीशी जोडली. अफसर मोहम्मद यांनी आठवणी आणि साहित्य धुंडाळले. या तिघांचा भर मृतांचा नेमका आकडा ठरवण्यावर नाही, आणि अभ्यासाचा रोख गेल्या दशकात ‘किती’ वरून ‘कसे’ कडे वळला आहे. हे योग्यच आहे. पण त्यामुळे ‘किती’ हा प्रश्न जिथे १९४८च्या डिसेंबरात थांबला होता, जवळजवळ तिथेच आहे.

दप्तर जळाले, जिल्हे फुटले

नव्याने मोजायचे तर कशावरून? पहिली अडचण दप्तराची. निजामाच्या राज्यात गावचा कागद पोलीस पाटील, माली पाटील आणि पटवारी यांच्या हाती असे. लढ्याच्या काळात पुष्कळ पाटील-पटवाऱ्यांनी राजीनामे दिले आणि गावची दप्तरे जाळणे हा आंदोलनाचाच एक कार्यक्रम होता. ज्या वर्षी मरणाची नोंद सर्वांत जास्त लागणार होती, त्या वर्षी ती लिहिणारे आणि लिहिण्याची वही दोन्ही जागेवर नव्हते. वरच्या पातळीवरचे कागद बहुतेक उर्दूत आहेत. बिदर-कलबुर्गीत आज मराठी, कन्नड आणि उर्दू तिन्ही सहज वाचणारा तरुण अभ्यासक मिळणे सोपे नाही, आणि तिन्हींशिवाय हे काम होण्यासारखे नाही.

जनगणनेचा आधार घेऊन ‘किती माणसे असायला हवी होती आणि किती सापडली’ असा हिशेब करण्याची पद्धत जगात रूढ आहे. इथे ती लंगडी पडते. १९४१ची जनगणना युद्धामुळे देशभर आखडती घेतली गेली आणि तिचे तक्ते नेहमीसारखे सविस्तर निघाले नाहीत. १९५१ पर्यंतच्या दहा वर्षांत कुणी कराचीला गेले, कुणी जीव वाचवायला हैदराबाद शहरात गेले, कुणी सोलापूरहून परत आले. गावात नसलेला माणूस मेला की गेला, हे तक्ता सांगत नाही.

नकाशाची अडचण तर फारच आपली आहे. अहवालातला बिदर म्हणजे आजचा बिदर जिल्हा नव्हे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी उदगीर, अहमदपूर आणि निलंगा बिदर जिल्ह्यात होते. आज ते लातूरमध्ये आहेत. जहिराबाद आणि नारायणखेड तिकडे तेलंगणात गेले. गुलबर्ग्याचे तांडूर आणि कोडंगल तेलंगणाच्या बाजूला गेले आणि २००९ मध्ये यादगीर वेगळा झाला. उस्मानाबादेतून १९८२ मध्ये लातूर निघाला. सुंदरलाल समितीचे चार जिल्हे आज तीन राज्यांत पसरले आहेत. त्यामुळे आजच्या नकाशावर कलबुर्गीला गडद रंग देऊन ‘इथे इतके’ म्हणणे चुकीचे ठरते. त्या अठरा हजारांतले कित्येक आजच्या महाराष्ट्रातले आणि तेलंगणातले आहेत. तिन्ही राज्यांत १७ सप्टेंबर वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या सुरात साजरा होतो. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. कर्नाटकाने २०१९ मध्ये हैदराबाद-कर्नाटकाला कल्याण कर्नाटक हे नाव दिले आणि तो दिवस त्या नावाने पाळला जातो.

एकक गाव, पट्टी संशयाची

या सगळ्यातून चित्रासाठी एकच एकक उरते असे मला वाटते, आणि ते म्हणजे गाव. जिल्हे फुटले, राज्ये बदलली, पण भालकी, औराद, आळंद, गोरटा ही गावे जागच्या जागी आहेत. गावाच्या ठिपक्यापाशी दोन रकाने असावेत : १३ सप्टेंबरपूर्वीचा आणि नंतरचा. मराठी बोलणाऱ्या आमच्या घरांतून बहुधा पहिलाच रकाना भरून येतो. दुसरा रकाना रिकामा ठेवून काढलेला नकाशा अर्धा आहे, आणि पहिला गाळून काढलेलाही तेवढाच अर्धा आहे. आकडा जिथे अनिश्चित आहे तिथे ती अनिश्चितता दिसली पाहिजे. राज्याच्या पातळीवर सत्तावीस आकृत्या भरीव आणि पुढच्या तेरा नुसत्या बाह्यरेषेच्या काढल्या, तर वाचकाला कळते की तेरा हजार माणसांबद्दल आपण बोलतो आहोत आणि ती होती की नव्हती हेच ठरलेले नाही. एकच गोल आकडा ठळक अक्षरांत छापण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे.

नावांच्या बाबतीत बोस्नियाचा अनुभव शिकण्यासारखा आहे. १९९२-९५च्या युद्धात दोन लाख किंवा त्याहून अधिक मेले, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. मिर्साद तोकाचा यांच्या सारायेव्होतील संस्थेने एकेका मृताचे नाव, ठिकाण, तारीख गोळा केली आणि २००७ मध्ये ९७,२०७ नावांची यादी मांडली. प्रचलित आकडा निम्म्यावर आल्याने एका बाजूला वाटले की आपले दुःख लहान केले. दुसऱ्या बाजूला वाटले की आपल्यावरचा आरोप नावानिशी पक्का झाला. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या लोकसंख्या-तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे काढलेला एक लाख चार हजारांच्या आसपासचा अंदाज त्या यादीच्या जवळ आल्यावर वाद बराच शमला. आपल्याकडे नावांची यादी झाली तर आकडा वर जाईल की खाली येईल, हे आधी कुणीही सांगू नये. मोजायला बसणाऱ्याची दोन्हींसाठी तयारी हवी.

गोरट्यात २०२३च्या मार्चमध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते हुतात्मा स्मारकाचे उद्घाटन झाले. पंचाहत्तर वर्षांनी का होईना, त्या गावच्या मृतांना जागा मिळाली. सप्टेंबरनंतरच्या मृतांची आठवण मुख्यतः कुटुंबांत राहिली, आणि तीही दबक्या आवाजात. तिथली नावे मागायला जाणाऱ्याने आधी घरच्यांची परवानगी घ्यावी. शेजारी अजून तेच आहेत, जमिनीचे वाद अजून कोर्टात असू शकतात आणि नाव उघड करणे हा कुटुंबाचा निर्णय आहे. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले माणूस आज पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहे, एवढे मात्र विसरून चालणार नाही.

न सुटलेले

काही प्रश्नांना अजून हातच लागलेला नाही. विहिरीत उडी घेतलेल्या बायका आणि मुले मारल्या गेलेल्यांत धरायची की नाही? सुंदरलाल अहवालात स्त्रियांवरील अत्याचारांचे आणि अशा मृत्यूंचे उल्लेख आहेत, पण त्यांची वेगळी संख्या नाही. निर्वासितांच्या छावणीत आजाराने गेलेले, घरातला कमावता गेल्यावर पुढच्या वर्षी उपासमारीने गेलेले, हे १९१८च्या तापाने मेलेल्यांसारखेच कोणत्या रकान्यात जातात? इथले हिशेब आजवर हत्येपाशीच थांबले आहेत.

लढणारा आणि न लढणारा यांतली रेषाही ठरलेली नाही. १३ ते १७ सप्टेंबरात सैन्यापुढे मेलेला रझाकार आणि आठवड्यानंतर घरातून ओढून मारलेला माजी रझाकार, हे एकाच रकान्यातले की दोन? सरहद्दीच्या कँपवरचा, हातात बंदूक असलेला स्वयंसेवक आणि गावाच्या वेशीवर पहारा देताना मारला गेलेला शेतकरी, यांचे काय? सरहद्दीच्या स्वयंसेवकांची नावे हुतात्म्यांच्या यादीत सापडतात, वेशीवरच्या शेतकऱ्याचे बहुधा सापडत नाही. ही विभागणी स्पष्ट झाल्याशिवाय श्वेतपत्रिकेतल्या नोंदी, लष्करी इतिहासातले आकडे आणि सुंदरलाल समितीचा अंदाज यांची बेरीज करता येत नाही. काही माणसे दोनदा मोजली जाण्याचा आणि काही एकदाही न मोजली जाण्याचा धोका तिथे सारखाच आहे.